जलप्रवेश वर्ज्य

माझा थोरला भाऊ कमलाकांत माहुरकर अठरा वर्षांचा असताना अमरावती सोडून पुण्याला एंजिनिअरिंग शिकायला गेला आणि एकेचाळिसाव्या वर्षी परत आला. मधली बरीच वर्षं त्याने पंजाबातल्या एका कॉलेजात वाफेची यंत्रं शिकवली. तिथे वरची जागा रिकामी झाली तेव्हा ती एका गोऱ्या माणसाला दिली, म्हणून याने राजीनामा दिला. निदान घरी त्याने तसं सांगितलं. राजीनाम्याची ही हकीकत मी त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली की पुढे पुढे वहिनी, म्हणजे सरोजिनी, हकीकत सुरू झाली की उठून तांदूळ निवडायला बसायची.

त्याच्या विद्वत्तेबद्दल मला काही बोलायचं नाही. बॉयलर, एंजिन, पंप यांतलं त्याला खरंच कळत होतं. पण आमच्या घरात आल्या दिवसापासून त्याने जे आरंभलं त्याचा विद्वत्तेशी संबंध नव्हता. आई म्हणाली, "कमल, तुले चहा देऊ का?" तेवीस वर्षांनी घरी आलेल्या माणसाने आईला पहिलं उत्तर दिलं ते असं: "तुले नाही आई, तुला." आई हसली. मी हसले नाही.

मी त्याच्याहून पाच वर्षांनी लहान. तो पुण्याला गेला त्याच वर्षी माझी शाळा सुटली, कारण एकाच पोराचा खर्च झेपणार होता. पुढे माझं लग्न झालं, ते तीन वर्षांत मोडल्यासारखंच झालं, आणि मी माहेरी येऊन ट्रेनिंग घेतलं, मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. त्यावर जास्त लिहीत नाही. माझं अक्षर चांगलं होतं एवढं सांगितलं म्हणजे पुरे, कारण पुढचं सगळं त्या अक्षरामुळे घडलं.

दादाला पुस्तक लिहायचं होतं. मराठीत यंत्रविद्येवर पुस्तक नाही, ते आपण देणार, आणि मग महाराष्ट्राचे डोळे उघडतील, अशी त्याची कल्पना होती. डोळे उघडायची वाट पाहत महाराष्ट्र कुठे बसला होता ते त्यालाच ठाऊक. रोज सकाळी तो ओट्यावरच्या खोलीत बसून लिहायचा आणि शाळेतून आल्यावर मी त्याची स्वच्छ प्रत करायची. बॉयलरला त्याने बाष्पोत्पादक म्हटलं. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणारी काचेची नळी असते, ती झाली जलदर्शक नलिका. पट्ट्याला गतिवाहिनी. चावीला कपाटिका. मी एकदा विचारलं की दादा, हे शब्द बोलतं कोण? तो म्हणाला, आधी शब्द येतात, मग त्यांच्या लायकीची माणसं तयार होतात.

यंत्रांचा कंटाळा आला की तो घर सोडण्यावर निबंध लिहायचा. ते पुण्याच्या एका मासिकात छापून येत. वऱ्हाड सोडल्याशिवाय वऱ्हाडी माणसाला अक्कल येत नाही, काळ्या मातीत पाय रुतले की डोकंही रुततं, असा त्यांचा मथितार्थ. आमचे आजोबा माहूरहून बायकापोरं आणि देवाची पेटी घेऊन बैलगाडीतून अमरावतीला आले होते. वाटेत त्यांचं एक मूल गेलं. त्यांनी त्यावर एक ओळ लिहिली नाही. दादा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गातून गेला आणि दुसऱ्या वर्गातून आला, आणि त्याला त्याचे अकरा निबंध झाले. मी अकराही उतरवून काढले आहेत, म्हणून आकडा पक्का आहे.

एकोणीसशे छत्तीस सालच्या कापसाच्या हंगामाआधी अकोल्याच्या एका जिनिंग कारखान्याचे मालक त्याच्याकडे आले. सरकारी तपासनिसाने त्यांना बजावलं होतं की बॉयलरजवळ मराठीत सूचना लावा. अमरावतीला मोठा तज्ज्ञ आला आहे तर त्याच्याकडूनच लिहून घ्यावी, असा मालकांनी विचार केला. दादा इतका खूश झाला की त्या दिवशी त्याने आईची भाषा सुधारली नाही.

सूचना बारा होत्या. सगळ्या इथे देत नाही. पाचवी तेवढी देते:

"जलदर्शक नलिकेतील जलपातळी अदृश्य झाल्यास तत्काळ अग्निनिष्कासन करावे. तदवस्थेत जलप्रवेश वर्ज्य."

तिचा अर्थ साधा आहे आणि फार महत्त्वाचा आहे. बॉयलरच्या काचेत पाणी दिसेनासं झालं, तर आधी आग बाहेर ओढायची. त्या वेळी पाणी अजिबात आत सोडायचं नाही. आतलं लोखंड तापून लाल झालेलं असतं, त्यावर एकदम गार पाणी पडलं की ते फाटतं. हे मला दादानेच समजावलं होतं, अगदी चांगलं समजावलं होतं, चुलीवरच्या कोरड्या पडलेल्या तव्याचं उदाहरण देऊन. तोंडाने सांगताना त्याला साधं बोलता यायचं. हातात टाक आला की त्याच्या अंगात कोण यायचं कोण जाणे.

ती बारा कलमं मी मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवली आणि अकोल्याच्या रंगाऱ्याने त्यावरून पत्र्याची पाटी रंगवली. पाटी लावायच्या दिवशी दादा मला बरोबर घेऊन गेला, शुद्धलेखन तपासायला. बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अकोल्याला उतरलो. कारखान्यात हंगाम सुरू झाला होता. बायका ओळीने सरकी काढणाऱ्या जिनांसमोर बसून कापूस लोटत होत्या आणि रुईचा बारीक कचरा सगळ्यांच्या भुवयांवर बसला होता.

तिथले मिस्त्री नत्थुजी. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. पोरवयात, संवत छपन्नच्या मोठ्या दुष्काळात बापाबरोबर पायी अकोल्याला आला आणि कारखान्यातच मोठा झाला. लिहिता वाचता येत नव्हतं. पाटी खिळ्यांवर बसली तसं त्यांनी मला ती वाचून दाखवायला सांगितलं. मी बाराच्या बारा कलमं वाचली. ऐकून झाल्यावर ते दादाकडे वळले.

"साहेब, हे कोनासाठी लिवलं?"

"ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठी," दादा म्हणाला.

नत्थुजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं एखादं चाक वाकडं फिरताना पाहतात. मग ते तेलाचं डबडं घेऊन निघून गेले. दादाने परतीच्या गाडीत अज्ञानी माणसाचा गर्व या विषयावर बडनेऱ्यापर्यंत व्याख्यान दिलं.

आता जे लिहिणार आहे ते मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. ती पाटी उतरवताना मला स्वच्छ दिसत होतं की कारखान्यातल्या एकालाही तिच्यातलं काही कळणार नाही. मी रोज चौथीच्या मुलींना शिकवत होते. कोणता शब्द पोचतो आणि कोणता पोचत नाही हे मला दादापेक्षा जास्त कळत होतं. मी बोलू शकले असते. बोलले नाही, कारण लोकांनी त्याला हसावं असं मला वाटत होतं. अकोल्यातल्या मजुरांनी त्या पाटीची टिंगल करावी, ती अमरावतीपर्यंत यावी, आणि बार लायब्ररीतल्या वकिलांनी ती त्याच्या तोंडावर ऐकवावी, एवढी माझी इच्छा होती. त्याच्याबद्दलचा माझा सगळा तिटकारा मी त्या सुरेख अक्षरांत घातला.

जानेवारीत अकोल्याहून तार आली.

बॉयलरवरचा नेहमीचा माणूस तापाने पडला होता. नत्थुजी काही सुटा भाग आणायला सकाळीच मूर्तिजापूरला गेले होते. आग सांभाळायला जानराव नावाच्या माणसाला बसवलं होतं. तो आमच्या अमरावतीजवळच्या वलगावचा, कुणब्याचा पोर, तिशीतला. भावांत जमीन पुरत नव्हती म्हणून दोन हंगाम अकोल्याला येऊन कोळसा ओढत होता. दुपारी त्याचं लक्ष काचेकडे गेलं तर काच कोरडी. बॉयलरला पाणी देणाऱ्या पंपाचा पट्टा केव्हा उतरला ते त्याला कळलं नव्हतं. आता काय करायचं? विचारायला कोणी नव्हतं. समोर पाटी होती, आणि जानराव मराठी तिसरी शिकलेला होता.

त्याने पट्टा चढवला आणि पाणी आत सोडलं. भट्टीचं छत खाली बसलं. वाफ आणि निखारे दारातून बाहेर आले. जिनांवरच्या बायकांपर्यंत काही पोचलं नाही हे नशीब. जानरावाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले आणि डावा डोळा गेला.

चौकशी नेमली गेली आणि तज्ज्ञ म्हणून दादाला बोलावणं आलं. आदल्या दिवशीच आम्ही अकोल्याला गेलो. मी हट्टाने गेले. दवाखान्यात जानरावाची बायको जमुना त्याच्या उशाशी बसली होती. आम्ही कोण ते कळल्यावर तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दादासाठी स्टूल पुढे सरकवलं. ज्याने पाटी लिहिली त्याला तिने बसायला दिलं. दादा बसलाही.

परीक्षेत विद्यार्थ्याला विचारावं तसं त्याने जानरावाला विचारलं की पाटी समोर असताना ती वाचली का नाही.

"वाचली ना जी," जानराव म्हणाला. तोंडही भाजलेलं होतं, शब्द हळू येत होते. "तीनदा वाचली. जल म्हन्जे पानी. प्रवेश म्हन्जे आत जानं. मंग म्या पानी आत सोडलं."

"आणि वर्ज्य?"

"ते मले वाटलं, पोथीत असते तसं शेवटचं काही असन."

 मी दादाचा चेहरा पाहत होते. मला त्या चेहऱ्यावर काहीतरी मोडलेलं पाहायचं होतं, आणि क्षणभर वाटलं की मोडलं. मग तो उठला आणि बाहेर येऊन म्हणाला की तिसरी पास झालेल्या माणसाला वर्ज्य कळत नसेल, तर शाळा खात्याची चौकशी व्हायला पाहिजे. मी शाळेत मास्तरीण आहे हे तो विसरला नव्हता.

मीही त्या खोलीत होते आणि मीही जानरावाला काही बोलले नाही, हे इथेच लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी चौकशीत गर्दी नव्हती. चौकशी करणारा साहेब, एक कारकून, मालक, त्यांचे वकील, नत्थुजी आणि आम्ही. मुद्दा एवढाच होता की कामगाराला स्पष्ट सूचना होती का. होती, आणि ती त्याने मोडली, असं ठरलं तर दोष त्याचा आणि त्याला भरपाई नाही. साहेबाने दादाला विचारलं की पाटीवरची मराठी स्पष्ट होती का.

"शुद्ध होती," दादा म्हणाला.

साहेबाला मराठी थोडी येत असावी. त्याने पुन्हा विचारलं की शुद्धतेचं असू द्या, स्पष्ट होती का.

दादाने खाली टेबलाकडे पाहिलं.  त्याला फक्त एक शब्द बोलायचा होता आणि तो शब्द त्याच्या कुठल्याही कोशात न शोधता मिळणारा होता. "शुद्ध होती," तो पुन्हा म्हणाला.

कारकुनाने काय लिहून घेतलं कोण जाणे. निकाल जानरावाच्या विरुद्ध गेला. नत्थुजींनाही विचारलं होतं, पण ते निरक्षर, त्यामुळे लेखी सूचनेबद्दल त्यांचं मत ग्राह्य नाही असं वकिलांनी म्हटलं आणि साहेबाने मान हलवली. मला कोणी विचारलं नाही. बाईला काय विचारणार? पण उठून बोलायला माझी जीभ कोणी बांधली नव्हती. मी बोलले असते तर मला हेही सांगावं लागलं असतं की मला आधीच माहीत होतं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिले. दादाला भित्रा म्हणायचा हक्क मी त्या दिवशी घालवला, तरी मनात मी त्याला तेच म्हणते.

बाहेर आल्यावर नत्थुजी दादाकडे गेलेच नाहीत. ते माझ्याजवळ आले.

"बाई, अक्षर तुमचं व्हतं ना?"

मी हो म्हटलं.

"मंग आता मी सांगतो ते लिवा. काही सुधरवू नका."

कारखान्याच्या फाटकाशी एका पेटीवर बसून मी लिहिलं. पाचवं कलम त्यांनी असं सांगितलं: "काचेत पानी दिसलं नाही तं पयले आग बाहेर ओढा. पानी सोडू नका. सोडलं तं मरसान. मिस्त्रीले बलवा." लिहिताना माझा हात दोनदा अडखळला, सवयीने. मी 'मराल' लिहून गेले, त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं आणि पुन्हा 'मरसान' करायला लावलं. मालकांनी पहिली पाटी काढायला परवानगी दिली नाही, कारण चौकशीत तिचा उल्लेख होता. म्हणून दोन्ही पाट्या शेजारी शेजारी लागल्या. अजून आहेत म्हणतात.

दादाचं पुस्तक अडतीस साली निघालं. पुण्यात त्याचं कौतुक झालं. परिभाषेच्या शुद्धतेबद्दल एका परीक्षकाने दोन पानं लिहिली, यंत्राबद्दल एक ओळ नाही. अमरावतीत लोकांना चौकशीची गोष्ट कळली होती, पण हसलं कोणी नाही. वकिलांनी उलट त्याला सहानुभूती दाखवली की अडाणी लोकांपुढे विद्वानाचं हे असंच व्हायचं. ज्या टिंगलीसाठी मी तोंड मिटून घेतलं होतं, ती कधी झालीच नाही. त्या वर्षाअखेर तो वहिनीला घेऊन पुण्याला राहायला गेला. जाताना म्हणाला की माणसाने आपली भाषा बोलणाऱ्यांत राहावं. आईने डब्यात दशम्या बांधून दिल्या. "पत्र टाकजो," ती म्हणाली. या वेळी त्याने तिला दुरुस्त केलं नाही. गाडीची वेळ झाली होती म्हणून, का दुसऱ्या कशाने, मला सांगता येत नाही.

त्यानंतर दोन उन्हाळ्यांच्या सुट्टीत मी अकोल्याला जाऊन नत्थुजींकडून बॉयलर आणि एंजिनाची सगळी माहिती लिहून घेतली. ते बोलत आणि मी लिहीत असे. बत्तीस पानांचं पुस्तक झालं. त्यात बाष्पोत्पादक नाही, बॉयलर आहे. अमरावतीच्या छापखान्यात ते छापलं. लेखक म्हणून नाव घालू का विचारलं तर नत्थुजी म्हणाले की नाव कशाले, बॉयलर काय नाव पाहून तापते? एक प्रत मी पुण्याला पाठवली. ती महिन्याभरात परत आली, पानोपानी लाल शाईने सुधारलेली. 'ले' चा 'ला' केलेला, 'तं' चा 'तर', 'पानी' चं 'पाणी'. पाच चुका मात्र यंत्रातल्या होत्या, त्या त्याने बरोबर दाखवल्या होत्या आणि एके ठिकाणी छोटी आकृतीही काढून दिली होती. दुसऱ्या वेळी छापताना मी त्या पाच घेतल्या आणि बाकीची लाल शाई सोडून दिली. पुस्तक मिळालं की नाही, आवडलं की नाही, याबद्दल सोबत एक अक्षरही नव्हतं.

जानराव बरा झाल्यावर कारखान्यात परत गेला नाही. त्याला कोणी बोलावलंही नाही. वरूडकडे जमुनेच्या भावाने संत्र्याची झाडं लावली होती, तिथे तो राखणीला राहिला. एक्केचाळीस साली पुस्तक घेऊन मी त्याच्याकडे गेले. पुस्तकाचं निमित्त होतं. मला जे सांगायचं होतं ते मी झाडांच्या सावलीत बसून एकदाचं सांगितलं. पाटी कोणाला कळणार नाही हे मला लिहितानाच माहीत होतं. लोकांनी माझ्या भावाला हसावं म्हणून मी गप्प राहिले.

जानराव उजव्या डोळ्याने माझ्याकडे पाहत होता. हातांची कातडी आखडून चकचकीत झाली होती, बोटं पूर्ण मिटत नव्हती. तो रागावेल, निदान उठून जाईल असं मला वाटलं.

"मंग हासले का कोनी?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, नाही.

त्याने मान हलवली आणि पुस्तक मांडीवर घेऊन मनगटाने पान उलटायचा प्रयत्न केला. जमेना तेव्हा जमुना येऊन शेजारी बसली आणि ती पानं उलटत गेली. तो पाहत राहिला. वाचत होता की नुसताच पाहत होता ते मी विचारलं नाही. चारेक पानं झाल्यावर जमुनेने पुस्तक बाजूला ठेवलं आणि मला म्हणाली की बाई, जेवून जा, भाकर टाकली आहे. मी नको म्हटलं. ती म्हणाली, इथून मोटार तिसऱ्या प्रहरीच मिळते, तोवर उपाशी कशाला बसता. मग मी जेवले. जानरावाला जमुना घास करून देत होती आणि तो माझ्याशी संत्र्यांवर पडलेल्या काळ्या माशीबद्दल बोलत होता, की औषध मारून काही होत नाही, फांदीच कापावी लागते.